नाव पूर्ण झाले

१

सोमवारी कुपवाडच्या शेडमध्ये ताहेराची नवी नाव नव्हती. विटांचे चार चौथरे होते, घडी घातलेली निळी ताडपत्री होती, आणि मालकाचं शांत आवाजातलं सांगणं होतं, की शनिवार-रविवार कारखाना बंद होता तेवढ्यात कुणीतरी नाव उचलून नेली. बुधवारी सकाळी ताहेरा कागदांची पिशवी छातीशी धरून वाईला विनोदिनीबाईंच्या दारात उभी राहिली.

विनोदिनीबाईंनी एकतीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. निवृत्तीनंतर त्यांना काय करायचं ते गल्लीनंच ठरवून टाकलं. बँकेचं पत्र, विजेचं बिल, वारसाची नोंद, ज्याला जे उमगेना ते बाईंच्या टेबलावर. बाई कागद वाचत नसत, निवडत. तांदूळ निवडावेत तसा, एकेक अक्षर बाजूला सारत.

ताहेराची हकीकत त्यांना अर्धी माहीत होती. तिचा नवरा अश्फाक वाईच्या वरच्या अंगाला धरणाच्या पाण्यात उतारूंची नाव चालवायचा. दोन वर्षांपूर्वी तो आजारात गेला आणि वल्हं ताहेरानं हातात घेतलं. पलीकडच्या उंबरी गावची माणसं, दुधाचे कॅन आणि अकरा शाळकरी पोरं रोज तिच्या लाकडी नावेतून येत-जात. यंदा ग्रामपंचायतीनं ती जुनी नाव बंद करायला लावली. एक जूनला नवी नाव घाटाला लागली तर फेरी ताहेराची, नाहीतर लाँच घेऊन तयार बसलेल्या दुसऱ्या माणसाची. आज तारीख होती वीस मे.

अश्फाकच्या विम्याचे पैसे तिनं या नावेसाठीच राखले होते. फायबरची नाव, किंमत चार लाख. कुपवाडच्या धवल नावाच्या कारखानदाराशी स्टॅम्पपेपरवर करार झाला होता. नोंदणीला ऐंशी हजार, ‘नाव पूर्ण झाल्यावर’ दोन लाख, इंजिन बसल्यावर ऐंशी हजार, ताबा घेताना उरलेले चाळीस. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती : दुसरा हप्ता भरल्यापासून नावेची मालकी व जोखीम ग्राहकाची राहील.

दुसरा हप्ता ताहेरानं आठ मेला भरला होता.

“काकू, चोरी त्याच्या शेडात, आन् नुकसान माजं. आसं आसतं का कुटं?”

“कागद तसंच म्हणतोय,” बाई म्हणाल्या.

धवलचंही तेच म्हणणं होतं. आठ तारखेपासून नाव तुमची, मी नुसती सांभाळत होतो, पोलिसांत अर्जही मीच दिलाय. दुसरी हवी तर नवा करार करू, नवा पहिला हप्ता भरा.

बाईंनी ताहेराचा फोन मागून घेतला. आठ तारखेला सकाळी कारखान्यातून एक फोटो आला होता. पांढऱ्याशुभ्र फायबरवर हिरव्या अक्षरांत ‘नूरीन’, ताहेराच्या सहा वर्षांच्या लेकीचं नाव. खाली दोनच शब्द : ‘नाव पूर्ण.’ दुपारी तीनला पावतीचा फोटो, धवलच्या हातची : ‘नाव पूर्ण झाले. हप्ता क्र. २ रु. दोन लाख मिळाले.’

बाईंचा हात सवयीनं तांबड्या पेनाकडे गेला. झाले नव्हे, झाली. नाव स्त्रीलिंगी. त्यांनी मनातल्या मनात दुरुस्ती केली आणि पुढं गेल्या. एकतीस वर्षांत त्यांनी एवढी मोठी चूक केली नव्हती, पण ते कळायला अजून दोन दिवस लागायचे होते.

“पैसे भरायच्या आधी नाव बघितलीस का?”

ताहेरानं मागं पाहिलं. तिचा दीर तौसीफ पायरीवर बसला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. पाच मेला तो शिडीवरून पडला होता. तरी आठ तारखेला एसटीनं कुपवाडला जाऊन तोच नाव बघून आला होता.

“बघितली की,” तौसीफ म्हणाला. “लांबलचक. पांढरी.” आणि प्लास्टरवरचा धागा उपसत बसला.

२

गुरुवारी बाई आणि ताहेरा साताऱ्यावरून सांगलीला आणि तिथून रिक्षानं कुपवाडला पोचल्या. शेडमध्ये पाऊल टाकताच फायबर घट्ट करणाऱ्या रेझिनचा उग्र वास नाकात गेला. मोठ्या साच्यात एका नावेचं अंग वाळत पडलं होतं. ही कोरेगावकडच्या ऋषिराज नावाच्या गृहस्थांची, असं धवलनं आपणहून सांगितलं. ते कृषी पर्यटन काढतायत, फक्त नोंदणीचे पैसे आलेत.

धवल चाळिशीच्या आतला, इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा माणूस होता. त्यानं चहा मागवला, ताहेराला पंख्याखालची खुर्ची दिली. चोरीबद्दल विचारलं तेव्हा फाटकाचं कुलूप कसं तुटलं होतं ते उठून दाखवलं. एवढी मोठी वस्तू कुणाच्या नजरेस कशी पडली नाही, यावर म्हणाला की औद्योगिक वसाहतीत सुट्टीच्या दिवशी कुत्रं फिरत नाही, आणि टेंपोत काय चाललंय ते इथं कुणी विचारत नाही. बाईंना ते पटण्यासारखं वाटलं. पटण्यासारखं वाटणं हीच त्यातली अडचण होती.

मग त्यांनी विचारलं की नाव पूर्ण झालेली कुणी पाहिली होती का, कारखान्याबाहेरच्या कुणी.

धवलनं चहाचा कप खाली ठेवला. “मॅडम, मला हे बोलायचं नव्हतं. ताईंचाच माणूस येऊन बघून गेला ना. त्यांचे दीर. आठ तारखेला. गाडी बाहेर लावली, नावेवरून हात फिरवला, चहालासुद्धा थांबले नाहीत. त्यांनी हो म्हटल्यावर ताईंनी पैसे टाकले. आता घरचाच माणूस साक्षीला आहे म्हटल्यावर मी अजून काय सांगू?”

ताहेरा मान खाली घालून बसली. खरंच होतं ते. नाव नव्हती असं म्हणायला तिच्याकडं जागाच उरली नव्हती. तौसीफनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की मी बघून आलो.

फाटकाबाहेर दुचाक्यांची रांग लागली होती. कुपवाडला येणारा जो तो दुचाकीवरूनच येतो. बाई त्या रांगेकडं बघत उभ्या राहिल्या. पाच तारखेपासून ज्याचा उजवा हात गळ्यात आहे, त्यानं आठ तारखेला गाडी कशी चालवली? कुणाच्या मागं बसून आला असेल? मग घरी एसटी का सांगितली? दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. दोघं मिळून बोलत असतील तर ते ताहेराला कसं सांगायचं, हे बाईंना कळेना.

३

फोटोतली अक्षरं रंगवणारा गुंडा नावाचा पेंटर नाक्यावरच सापडला. ट्रकच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवणारा पन्नाशीचा माणूस, बोटांच्या पेरापेरांत रंग. फोटो दाखवला तसा खुलला.

“म्याच लिवलंय. अक्षर बगा, दोरीत हाय का न्हाई?”

अक्षर खरंच देखणं होतं. बाईंनी तसं मनापासून सांगितलं. मग नाव पूर्ण होऊन शेडमध्ये कधी उभी होती, असं विचारल्यावर मात्र गुंडानं ब्रश रॉकेलात बुडवला आणि ढवळतच राहिला. कारखान्यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. मालकानं बोलवलं, गेलो, लिवलं, आलो. काय इचारायचं ते मालकाला इचारा, आक्का, मला हितंच पोट भरायचंय.

बाई वळल्या, तसा तोच मागून कुरकुरला. ठरलं होतं दोन अंगांचं, पैसे हातावर टेकवले एकाच अंगाचे.

“दुसऱ्या अंगाला का नाही लिहिलं?” बाईंनी विचारलं.

गुंडानं ब्रश फडक्याला पुसला आणि डब्यात टाकला.

परतीच्या एसटीत ताहेरा म्हणाली, की नावेला नाव दोन्ही अंगांना लागतं. काठ डावा असो की उजवा, माणसाला वाचता आलं पाहिजे. तिनं तर सांगून ठेवलं होतं, एका अंगाला मराठीत, दुसऱ्याला उर्दूत, आणि उर्दू अक्षरं कागदावर काढूनही दिली होती. मग आठ मेला पूर्ण झालेल्या नावेचं एक अंग सतरा मेपर्यंत कोरं का होतं?

बाईंनी पावती पुन्हा बाहेर काढली. झाले. वेलांटीच्या जागी मात्रा. त्यांना उगाचच ती चूक दातात अडकल्यासारखी वाटत होती.

४

शुक्रवारी सकाळी बाई ताहेराच्या घरी गेल्या, तर नूरीन कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीत शिरून बसलेली. दोन दिवस धड जेवली नव्हती. जूनमध्ये तिची पहिली सुरू व्हायची होती. नवं दप्तर खुंटीला होतं, त्याच्याकडंही बघेना. ताहेरा कढीभात घेऊन समोर उकिडवी बसली होती. बाई तिच्या शेजारी टेकल्या आणि नूरीनला काय झालं ते विचारलं.

पोरीनं कपाटामागून तोंड बाहेर काढलं. “चोरांनी माझं नाव नेलं. आता शाळेत बाईंनी विचारलं तर काय सांगू?”

ताहेराला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरले. तिनं लेकीला फटीतून ओढून मांडीवर घेतलं. “आगं येडे, तुजं नाव कोन नेतंय? ती पाण्यातली नाव. नाव चोरली. नाव चोरलं न्हाई.”

बाईंच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

नाव चोरली. नाव चोरलं. पाण्यातली ती नाव, माणसाचं ते नाव. मराठीत दोन्ही लिहायची सारखी, फरक फक्त पुढच्या शब्दात. करारात काय होतं? ‘नाव पूर्ण झाल्यावर.’ झाल्यावरला ना वेलांटी ना मात्रा. कोणतं नाव ते कळायची सोयच नाही. निरोपात काय होतं? ‘नाव पूर्ण.’ क्रियापदच नाही. आणि पावतीत?

माणूस ऱ्हस्व-दीर्घ चुकतो, जोडाक्षरं चुकतो. बाईंनी असल्या चुकांचे ढीग उपसले होते. पण मराठी बोलणारा माणूस डोळ्यांसमोरच्या वस्तूचं लिंग चुकत नाही. ‘भिंत पडले’ असं कुणी लिहीत नाही. पावती बरोबर होती. दुरुस्ती चुकली होती.

त्यांनी ताहेराला एकच गोष्ट विचारली, तौसीफ नाव बघून गेला हे धवलला कुणी सांगितलं? ताहेरा म्हणाली, मीच. पावती मिळाली म्हणून कळवायला त्याच दिवशी पाच वाजता फोन केला होता, तेव्हा बोलण्यात आलं. पावती तर तीनलाच आली होती.

मग बाईंनी तौसीफला अंगणात गाठलं आणि कोणत्या एसटीनं गेलास, तिकीट किती पडलं, असलं काही विचारलं नाही.

“शेडच्या दारातून आत गेलं की नाकाला काय लागतं रे?”

तौसीफ भिंतीला टेकून खाली बसला.

“म्या गेलोच न्हाई, बाई. साताऱ्यापतूर गेलो. हात लय ठणकाय लागला. कोरेगावच्या मैतराकडं जाऊन पडलो, तितनंच फोन केला. फोटूत दिसत हुतं की. मला वाटलं झाली नाव.” त्यानं डोळे पुसले. “भाभी मला घरात ठिवनार न्हाई आता.”

“ते तिचं तिनं ठरवू दे,” बाई म्हणाल्या. “उद्या कुपवाडला चल. आणि तिथं मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाहीस.”

५

शनिवारी धवलनं पुन्हा चहा मागवला. बाई आणि ताहेरा खुर्च्यांवर बसल्या. ठरल्याप्रमाणे पाच मिनिटांनी तौसीफ आत आला आणि टेबलासमोर उभा राहिला.

धवलनं मान वर केली. “बोला, काय काम होतं?”

तौसीफनं गळ्यातला हात सावरला.

“ऑर्डरचं असेल तर जरा बाहेर थांबा. इथं बोलणं चाललंय.”

“यांना ओळखलं नाहीत?” बाईंनी विचारलं. “आठ तारखेला गाडी लावून तुमच्या नावेवरून हात फिरवून गेले ते हेच. तेव्हाही हात असाच गळ्यात होता. तुमच्या लक्षात राहायला हवं होतं.”

धवलचा चेहरा उतरला. पण त्याच्या आधी ताहेरा वळली होती. तिनं तौसीफकडं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, “तू आलाच न्हवतास?”

तौसीफनं मान हलवली. तिनं पदर सावरला आणि तोंड फिरवून बाईंकडं बघितलं, म्हणजे आधी हे संपवा.

बाईंनी पावती टेबलावर पसरली. तुम्ही कागदावर खोटं लिहिलेलं नाहीत, त्या म्हणाल्या. त्यासाठी तुम्हाला मानलं पाहिजे. आठ तारखेला तुमच्याकडं एक नाव पूर्ण झालं होतं, गुंडानं रंगवलेलं. नाव झालेली नव्हती. तुम्हाला पैशाची निकड होती, म्हणून फोटो पाठवला आणि दोन शब्द लिहिले. उद्या कुणी विचारलंच, तर करारात ‘नाव’ म्हणजे रंगवलेलं नाव असं म्हणायची पळवाट होती. पावतीत म्हणूनच ‘झाले’. पण पाच वाजता ताईंचा फोन आला आणि तुम्हाला कळलं, की यांच्या घरचाच एक माणूस न बघता बघितली म्हणून सांगतोय. न झालेल्या नावेला फुकटचा साक्षीदार मिळाला. मग तुम्हाला चोरी सुचली, कारण दुसऱ्या हप्त्यानंतर चोरीचं नुकसान ताईंचं.

“आता दोहोंपैकी एकच धरा,” बाई म्हणाल्या. “पावती खरी असेल, तर चोरीला जायला नावच नव्हती. चोरी खरी असेल, तर तुम्ही पावतीत चुकीचं लिहिलंय आणि गुंडाला एका अंगाचेच पैसे का दिलेत तेही सांगा. मी सांगू? ज्यावर लिहिलं त्याला दुसरं अंगच नव्हतं.”

मग धवल उठला आणि त्यांना शेडच्या मागं घेऊन गेला. भंगारात एका फुटक्या जुन्या नावेचा पुढचा तुकडा भिंतीला टेकवलेला होता, पाट्याएवढा. त्यावर हिरव्या अक्षरांत ‘नूरीन’.

पैसे कुठं गेले ते त्यानं तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. मागच्या दोन गिऱ्हाइकांच्या नावा अडकल्या होत्या, ताहेराच्या हप्त्यातून त्यांचं रेझिन आलं. एकाच्या हप्त्यात दुसऱ्याची नाव उभी करायची, असंच चाललं होतं तीन वर्षं. चोर नाही हो मी, असं तो दोनदा म्हणाला.

“साच्यात आहे ती कुणाची?” बाईंनी विचारलं.

“ऋषिराजांची.”

“त्यांनी फक्त नोंदणी भरलीय. त्यांना आत्ता फोन करून पुढची तारीख द्या, खरं कारण सांगून. ती नाव ताईंची. आणि पोलिसांतला अर्ज सोमवारी मागं घ्यायचा.”

नवा कागद बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिला. इंजिनचे ऐंशी हजार धवलला नाहीत, ताईंच्या समोर इंजिन बसेल तेव्हा थेट इंजिनवाल्याला. उरलेले चाळीस नाव उतारूंसह पलीकडच्या काठाला लागल्यावर. तोवर मालकी ग्राहकाची, जोखीम बनवणाऱ्याची. ‘नाव’ हा शब्द त्यांनी सगळ्या कागदात कुठंच येऊ दिला नाही. प्रत्येक ठिकाणी ‘बोट’ लिहिलं.

परतताना तौसीफ एसटीत मागच्या बाकावर एकटाच बसला. कऱ्हाड गेल्यावर ताहेरानं मागं वळून न बघताच केळ्यांची पिशवी त्याच्याकडं सरकवली. “तुला सोलाय येत न्हाई एका हातानं,” ती म्हणाली. “आन हिकडं, देते सोलून.”

६

एकतीस मेला, रविवारी सकाळी दहाला, टेंपो धरणाच्या घाटावर आला. इंजिन तीन दिवसांपूर्वीच ताहेरासमोर बसलं होतं. त्यासाठी ती आणि तौसीफ कुपवाडला दिवसभर शेडच्या दारात बसून होते. बोट पाण्यात उतरली, डुलली, सरळ झाली. उंबरीचे ग्रामसेवक वही घेऊन पलीकडच्या काठावर थांबले होते.

धवल स्वतः आला होता. बोट पाण्याला टेकल्याबरोबर त्यानं चाळीस हजारांची आठवण केली. कागदात काय ठरलंय ते ठाऊक आहे, पण आता समोर तरंगतेय की.

“बसा,” ताहेरा म्हणाली.

“मी कशाला?”

“उतारूंसह आसं लिवलंय. तुमी उतारू.”

धवलनं दोन्ही बाजूंना पाहिलं. कृष्णाकाठी जन्म गेला तरी त्याला पोहता येत नव्हतं, हे त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. ताहेरानं त्याच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे स्वतः आवळले आणि त्याला मधल्या फळीवर बसवलं. नूरीन आईच्या गुडघ्यांत बसली. बाई पुढं. तौसीफ तळाशी मांडी घालून, डाव्या तळव्यानं एकेक सांधा चाचपत.

मध्यावर वारा आला आणि बोट जराशी कलली. धवलनं फळी दोन्ही हातांनी धरली. त्याचा ओठ पांढरा पडला होता, आणि ताहेरानं पाहिलं की तोही तळाकडंच बघतोय, आपल्याच सांध्यांकडं. पाणी कुठूनही आलं नाही.

पलीकडं टेकल्यावर तिनं दोरी बांधली, तळ पुन्हा एकदा स्वतःच्या हातानं पुसून बघितला आणि फोन काढून चाळीस हजार पाठवले. धवलच्या खिशात फोन वाजला. ग्रामसेवकांनी वहीत तारीख टाकली, बोटीची लांबी विचारली आणि फेरी ताहेराच्या नावावर लिहून सही घेतली.

सगळं उरकल्यावर धवल पट्टे सोडवत म्हणाला, “चला मग. सोडा मला पलीकडं, टेंपो थांबलाय.”

“वीस रुपये,” ताहेरा म्हणाली.

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. पण ती हात पुढं करून उभी होती.

“अहो ताई, पोचल्यावर देतो की.”

“न्हाई. उतारूंचं भाडं आमी आधी घेतो.”

धवलनं पाकीट उघडलं आणि विसाची नोट तिच्या हातावर ठेवली. नव्या बोटीची ती पहिली बोहणी होती. ताहेरानं नोट डोळ्यांना लावली, नूरीनच्या फ्रॉकच्या खिशात घातली आणि इंजिनची दोरी ओढली.